ताक कळकतं, स्लॅब फुटतो

मंडळी, पितळेच्या पातेल्यात ताक ओतलं की आमची आजी हाक मारायची, ‘‘अगं, कळकेल ते!’’ कळकणं म्हणजे भांड्याचा धातू उतरून आंबट पदार्थ बिघडणं. हा शब्द आता स्वयंपाकघरांतून जवळजवळ गेलाच. मला मात्र ऑक्सिडीकरण शिकवताना अजून तोच आधी आठवतो.

ताकातलं आम्ल एकट्याच्या बळावर तांबं विरघळवू शकत नाही. त्याला हवेतल्या ऑक्सिजनची साथ लागते. ऑक्सिजन तांब्याच्या अणूंकडचे इलेक्ट्रॉन काढून घेतो, म्हणजेच तांब्याचं ऑक्सिडीकरण होतं, आणि मग ते आंबटात उतरतं. ताक हिरवट दिसतं, कसंतरीच लागतं, आणि जास्त पोटात गेलं तर उलट्या होतात. पितळेत तांबं असतंच, त्यामुळे तिथेही हेच.

यावर उपाय कल्हईचा, म्हणजे भांड्याला आतून कथलाचा पातळ मुलामा देण्याचा. तापलेल्या भांड्यात कल्हईवाला नवसागराची (अमोनियम क्लोराइडची) चिमूट टाकायचा, पांढरा धूर उठायचा, आणि कापसाचा बोळा फिरला की काळपट पितळ डोळ्यांदेखत उजळायचं. तापलेल्या नवसागरातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि ऑक्साइडचा थर काढून टाकतो. अशा उघड्या, स्वच्छ धातूवरच कथील धरतं. ते २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून साध्या भात्याच्या भट्टीवर काम भागायचं. त्या माणसाला रसायनशास्त्राची पदवी नव्हती, पण त्याच्या हाताला ते पक्कं ठाऊक होतं.

आता मुद्द्याचं बोलतो. ऑक्सिडीकरण झालं म्हणजे धातू गेला, असं नाही. तयार झालेला थर चिकटून बसतो की सुटतो, यावर सगळं ठरतं. ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर बसतो आणि तोच आतला धातू राखतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत. त्यातून पाणी आणि हवा आत जातच राहतात.

हे आपल्या डोक्यावरच्या छतात पाहा. ताज्या काँक्रीटचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) १२-१३ असतो. इतक्या अल्कधर्मी वातावरणात आतल्या लोखंडी सळईवरही पातळ, घट्ट थर टिकतो. पण वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरतो, सामू उतरतो आणि थर मोडतो. मुंबईसारख्या किनाऱ्यावर खाऱ्या हवेतलं क्लोराइड हा थर आणखी लवकर मोडतं. मग सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, आणि ती जागा मिळवायला काँक्रीट आतून फोडतो.

न्हाणीघराच्या छतावर तांबूस डाग उमटला की लोक त्यावर रंग मारून घेतात. कृपा करून तसं करू नका. तो डाग बहुधा आतल्या सळईच्या गंजाचा असतो. तेवढा भाग फोडून, सळई घासून लख्ख करून, गंजरोधक लावूनच तो पुन्हा भरावा लागतो. कल्हईवाला आधी पितळ उजळून घ्यायचा ना, तसंच.