कवितेवर मुलांनीही बोलावं

(दृश्य: संमेलनाची ग्रंथदिंडी, लेझीम)

येळ्ळूर, कडोली, उचगाव, सांबरा. बेळगावच्या आसपासची ही गावं स्वतःची मराठी साहित्य संमेलनं भरवतात. पालखीत पुस्तकं, पुढे लेझीम आणि मांडवात कविता ऐकायला बसलेली शाळेची पोरं. भाषेवर एवढी माया असलेला मुलूख आहे हा.

(दृश्य: दहावीचा वर्ग)

आणि इथे फळ्यावर आहे 'संदर्भासह स्पष्टीकरण'. पाठाचं नाव, लेखकाचं नाव, मग ठरलेल्या चार ओळी. मुलं उतरवून घेतात, पाठ करतात. कवितेचा आशयही सरांनी सांगितला तोच. शिक्षकांना तरी काय बोलणार? प्रश्नपत्रिकेत जे येतं, तेच वर्गात शिकवावं लागतं.

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी जीसीएसई परीक्षा असते. साहित्याच्या पेपरला शेक्सपिअरचं एक नाटक, 19व्या शतकातली एक कादंबरी. पुस्तक जवळ ठेवता येत नाही, म्हणून अवतरणं पाठ करावी लागतात. घोकंपट्टी तिथेही सुटलेली नाही. पण त्याच परीक्षेत एक कधीच न वाचलेली कविता समोर येते. तिथे गाइड कामाला येत नाही.

फ्रान्समध्ये आपल्या अकरावीच्या वयाची मुलं फ्रेंचची लेखी परीक्षा देतात आणि तोंडीही. अर्धा तास तयारी, वीस मिनिटं परीक्षकासमोर. आधी उतारा मोठ्याने वाचायचा, मग तो ओळीओळीने उलगडायचा. शेवटची आठ मिनिटं मुलाने स्वतः निवडलेल्या पुस्तकाची. हेच का निवडलंस, याचं उत्तर त्यालाच द्यावं लागतं. मला यातली ही आठ मिनिटं फार मोलाची वाटतात.

सीमाभागाला सगळ्यात जवळचा वाटावा तो फिनलंड. तिथे स्वीडिश बोलणारे जेमतेम पाच टक्के. तरी त्यांच्या शाळा स्वीडिशमध्ये आणि शालान्त परीक्षाही स्वीडिशमध्ये. विषयाचं नावच 'मातृभाषा आणि साहित्य'. परीक्षेत समोर नवे मजकूर ठेवतात, ते वाचून मुलांनी आपलं म्हणणं मांडायचं.

(दृश्य: बेळगावचा बाजार)

आपलं पोर घरी मराठी बोलतं, बाजारात कन्नड. इंदिरा संत याच बेळगावात राहिल्या, इथेच त्यांनी शिकवलं. त्यांच्या कवितेवर बोलायला या पोरांकडे शब्द नाहीत, असं कोण म्हणेल?

अंतर्गत मूल्यमापनाचे गुण शाळेच्याच हातात असतात. त्यातले थोडे तोंडीला द्यावेत. मुलीने आवडलेली कविता मोठ्याने वाचावी, न पटलेली ओळ सांगावी आणि बाईंनी विचारावं, "तुला असं का वाटलं गं?" त्यासाठी दहावीपर्यंत थांबायलाही नको. आठवीपासून सुरू करता येईल.