बेणारेबाईंचं बोट

नमस्कार श्रोतेहो.

नाटकाचं परीक्षण वाचायची मला शाळेपासूनची सवय. रविवारची पुरवणी आली की आधी ते पान उघडायचं. पण त्यातल्या एका वाक्याचा मला फार राग येतो. ‘अमुक यांनी भूमिकेला न्याय दिला.’ म्हणजे नक्की काय केलं? कुठे थांबली ती? आवाज कुठे खाली आणला? समोरचा बोलत असताना हात कुठे होते? ‘अष्टपैलू अभिनेत्री’ हाही तसलाच शब्द. पैलू आठ म्हणून सांगायचे आणि एकही दाखवायचा नाही. आज मला सुलभा देशपांडे यांच्याबद्दल बोलायचंय, तो शब्द बाजूला ठेवून.

माझी मावशी शिक्षिका होती. सुलभाताईंचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक बघून ती रात्री उशिरा घरी आली. आईने विचारलं, “कसं झालं नाटक?” मावशी पायरीवरच बसली आणि म्हणाली, “अगं, तिचं बोट खरंच चिमटलं.” बस, एवढंच. मी आजवर वाचलेल्या कुठल्याही परीक्षणापेक्षा मला हे वाक्य मोठं वाटतं.

नाटक तुम्हाला ठाऊक असेलच. एका गावातला हॉल, अभिरूप न्यायालयाचा, म्हणजे लुटुपुटूच्या खटल्याचा, प्रयोग करायला आलेली मुंबईची हौशी मंडळी. त्यांच्यातल्याच एक बेणारेबाई, म्हणजे सुलभाताईंची भूमिका. वेळ घालवायला हे लोक एक खोटा खटला चालवतात, बेणारेबाईंना आरोपी करतात, आणि खेळ म्हणता म्हणता त्यांचं खरं आयुष्य उकरायला लागतात. दार उघडताना कडीत बेणारेबाईंचं बोट चिमटतं. त्या बोट तोंडात घालतात आणि पुढच्याच क्षणी हसत बोलायला लागतात. दुसऱ्या अंकाच्या शेवटी त्या निघून जाऊ बघतात, तर दार बाहेरून लागलेलं. पहिल्या अंकात बोट चिमटणारी कडी, दुसऱ्या अंकात बाहेरून लागलेली कडी. ही कडी लक्षात ठेवा, श्रोतेहो. कारण आता तिसरी कडी येतेय, आणि ती नाटकात नाही.

१९६७ साल. राज्य नाट्यस्पर्धा तोंडावर आलेली. ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेचं नाटक, लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक अरविंद देशपांडे, म्हणजे सुलभाताईंचे यजमान. तालमी चालू होत्या, पण नाटक अजून लिहून होतच होतं. अरविंदरावांच्या मनात एक गोष्ट पक्की होती. एवढे सगळे मिळून या बाईच्या आयुष्याच्या चिंध्या करतात, तर शेवटी तिला बोलू द्या. तिची बाजू तिच्या तोंडून येऊ द्या. तेंडुलकरांना ते पटत नव्हतं. त्यांना स्वगत नको होतं. दिवस चालले होते. लेखक हलेना, दिग्दर्शक सोडेना. शेवटी अरविंदरावांनी तेंडुलकरांना एका खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. लिहून झाल्याशिवाय दार उघडणार नाही! रंगभूमीवरच्या लोकांत ही गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते, आणि मीही जिथे संधी मिळेल तिथे सांगते. बाहेरून लागलेल्या कडीच्या आत बसून तेंडुलकरांनी लिहिलं ते बेणारेचं स्वगत. आज मराठी मुली स्पर्धांतून, परीक्षांतून जे म्हणतात, ते हे स्वगत.

आता सुलभाताईंच्या जागी स्वतःला ठेवून बघा. प्रयोग उंबरठ्यावर, आणि हातात नवे कागद येतात. पानंच्या पानं, मध्ये दुसऱ्या कुणाचा एक शब्द नाही. पाठांतराचं कौतुक मी करत नाही, पाठ कुणीही करील. कौतुक आहे ते पुढचं. तिसऱ्या अंकात बेणारे जवळजवळ गप्प असते. पिंजऱ्यात बसून ऐकते. आरोप ऐकते, टोमणे ऐकते, वकील काय काय उकरून काढतो ते ऐकते. पुन्हा सांगते, ती ऐकते. नटीला एवढा वेळ नुसतं ऐकायला लावणं ही केवढी मोठी परीक्षा! ते ऐकणं खरं झालं नाही, तर पुढचं स्वगत म्हणजे नुसतं वक्तृत्व. मग कोर्ट तिला बोलायला दहा सेकंद देतं. बाकीचे सगळे जागच्या जागी गोठतात आणि ती बोलते. त्यांच्यापैकी कुणालाही ते ऐकू जात नाही. ऐकतो फक्त आपण.

सहज आठवलं म्हणून सांगते. हल्ली नट रंगमंचावर पाऊल टाकतो न टाकतो तोच टाळ्या सुरू होतात. मला ते अजिबात आवडत नाही. अजून त्याने काही केलेलं नाही! अशा टाळ्यांत बेणारेच्या कडीचा आवाज आणि तिचं ‘स्स’ दोन्ही वाहून गेलं असतं. पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षकांनी हात मांडीवर ठेवावेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तर सुलभाताई. ज्यांना प्रयोग बघायला मिळाला नाही त्यांनी सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली केलेला चित्रपट शोधून बघावा. त्यात बेणारे त्याच आहेत. आणि ही बाई रोज वर्गात उभी राहत होती, हे विसरू नका. दादरच्या छबिलदास शाळेत त्या शिक्षिका होत्या. बेणारेही शिक्षिकाच. पुढे अरविंदरावांबरोबर त्यांनी ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था काढली आणि त्याच शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांना घर मिळालं. मुलांच्या नाटकांसाठी ‘चंद्रशाळा’ सुरू केली, ‘दुर्गा झाली गौरी’ या बालनाट्यामध्ये मुलांची केवढी फौज उभी केली! ‘चौकट राजा’ या चित्रपटातली नंदूची आई तर तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलीच असेल. तीच बाई, श्रोतेहो. पिंजऱ्यातली बेणारे आणि ही आई, तीच बाई.

२०१६ च्या जूनमध्ये सुलभाताई गेल्या, तेव्हा मी मावशीला फोन केला. तिला बातमी आधीच कळली होती. बराच वेळ ती काही बोलली नाही. तिच्या स्वयंपाकघराच्या दाराला जुनी लोखंडी कडी आहे, जरा घट्ट बसते. अजूनही कधी घाईत हात अडकला, की मावशी बोट तोंडात घालते आणि म्हणते, “सुलभा गं.”

नमस्कार.