गाणारे गच्चीवर, वाद्ये सभागृहात

नमस्कार श्रोतेहो.

जाकोमो पुच्चिनी यांचा ‘तोस्का’ हा शोकान्त ऑपेरा १४ जानेवारी १९०० रोजी रोममध्ये पहिल्यांदा सादर झाला. त्याची कथाही रोममधलीच, जून १८०० मधली. गायिका तोस्का, तिचा प्रियकर चित्रकार काव्हारादोस्सी आणि दोघांच्या जिवावर उठलेला पोलीसप्रमुख स्कार्पिया, या तिघांपैकी अखेरीस एकही जण जिवंत राहत नाही.

आज मला सांगायचे आहे ते जुलै १९९२ मधल्या चित्रित प्रयोगाविषयी. निर्माते आन्द्रेआ आन्दरमान यांनी असे योजले, की जो अंक ज्या जागी आणि ज्या प्रहरी घडतो, तो त्याच जागी, त्याच प्रहरी गायला जावा आणि गायला जात असतानाच दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित व्हावा. त्याप्रमाणे ११ जुलैच्या दुपारी सान्त आन्द्रेआ देल्ला व्हाल्ले या चर्चमध्ये पहिला अंक झाला, रात्री फार्नेसे राजवाड्यात दुसरा झाला आणि १२ जुलैच्या सकाळी सान्त आंजेलो किल्ल्याच्या गच्चीवर तिसरा.

पण एवढा मोठा वाद्यवृंद या तीन ठिकाणी बसवायचा कसा? तो तिथे बसलाच नाही. तो बसला शहरातल्याच इटालियन नभोवाणीच्या सभागृहात, आणि त्याचे संचालन करत होते आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. श्रोतेहो, पुन्हा सांगतो: गाणारे गच्चीवर आणि वाद्ये सभागृहात. मेहतांचे हात गायकांना दिसत होते ते प्रेक्षकांच्या नजरेआड ठेवलेल्या पडद्यांवर, आणि वाद्यांचे स्वर त्यांच्यापर्यंत पोहोचत होते ते लपवलेल्या ध्वनिक्षेपकांतून. आपल्या संगीत नाटकात ऑर्गन आणि तबला रंगमंचाला लागूनच असतात आणि नुसत्या नजरेने सम साधली जाते. इथे त्या नजरेची जागा तारांनी घेतली होती. आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवणे कितीतरी सोपे झाले असते, पण तसे केले असते तर गाणाऱ्याचा श्वास हरवला असता, आणि श्वास हरवलेले गाणे मला कधीच पुरे वाटत नाही.

तिसऱ्या अंकात, देहदंडाच्या आधी, काव्हारादोस्सीच्या भूमिकेतले प्लासिदो दोमिंगो ‘तारे चमकत होते’ या अर्थाचे पद गातात. त्या पदाची चाल आधी क्लॅरिनेटवर येते. वाजवणारा बंद छताखाली, गाणारा उघड्या आकाशाखाली, आणि आकाशातले तारे खरोखरच मावळलेले. पदातले ते ‘होते’ मला त्या सकाळी जितके खरे वाटले, तितके कोणत्याही नाट्यगृहात वाटले नव्हते. पुढे गोळ्या झाडल्या जातात. शिक्षेचे केवळ नाटक होणार, असे स्कार्पियाने तोस्काला वचन दिलेले असते. ते खोटे ठरते. कॅथरिन माल्फितानो यांची तोस्का किल्ल्याच्या तटाकडे धावते, आणि क्लॅरिनेटची तीच चाल, या वेळी संपूर्ण वाद्यवृंदातून, त्या सभागृहातून गच्चीवर येऊन पोहोचते.