सॉफ्टवेअर बंद झालं, फोटोंचं काय?

श्रोतेहो, नमस्कार.

गूगलनं १२ फेब्रुवारी २०१६ रोजी पिकासा हे फोटो सांभाळायचं आणि सुधारायचं मोफत सॉफ्टवेअर बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि १५ मार्चपासून त्याच्याकडे लक्ष देणं थांबवलं. १६ मार्चला पिकासा उघडलं, तर ते जसंच्या तसं चालत होतं. विंडोजच्या बऱ्याच संगणकांवर ते आजही चालतं. फसगत होते ती इथंच. चालतंय ना, मग बघू पुढं, असं म्हणत वर्षं जातात आणि एक दिवस हार्ड डिस्क बसते.

बंद पडलेलं सॉफ्टवेअर एकदम जात नाही, त्याचा एकेक अवयव जातो. पहिल्यांदा जातो इंटरनेटवर अवलंबून असलेला भाग. अडोब कंपनीच्या लाइटरूम ६ या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरचं उदाहरण घ्या. एकरकमी पैसे भरून मिळणारी ती शेवटची लाइटरूम. तिच्यातला नकाशा ३० नोव्हेंबर २०१८ नंतर उघडेना, कारण गूगलचे नकाशे दाखवण्यासाठी आत घातलेल्या चावीची मुदत संपली. बाकी सगळं ठीक होतं. त्यानंतर अडतो नवा कॅमेरा. लाइटरूम ६ चा शेवटचा अपडेट, ६.१४, डिसेंबर २०१७ मध्ये आला. त्यानंतरच्या कॅमेऱ्यांच्या रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइल तिला ओळखता येत नाहीत. आणि शेवटचा घाव घालते ती ऑपरेटिंग सिस्टिम. अॅपलनं ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिना आणलं आणि ३२-बिटचे, म्हणजे जुन्या धाटणीचे, प्रोग्राम बंद केले. मॅकवरचं पिकासा त्यात गेलं. लाइटरूम ६ स्वतः ६४-बिटची, पण तिचा इन्स्टॉलर आणि परवाना तपासणारा भाग ३२-बिटचा, म्हणून तीही अडकली. अॅपलचं स्वतःचं फोटो सॉफ्टवेअर अॅपर्चर तर २०१४ मध्येच थांबवलं होतं, ते कॅटालिनावर उघडतच नाही. म्हणून जुन्या सॉफ्टवेअरमध्ये काम अडकलं असेल, तर त्या संगणकावर ‘अपडेट उपलब्ध’ अशी खिडकी आली की आधी हात आवरा.

आता अडकतं ते नेमकं काय? फोटो अडकत नाही, तो डिस्कवर असतोच. अडकतात त्या खुणा. शिंपी कापडावर खडूनं रेघा मारतो, कापड अजून कापलेलं नसतं, आणि त्या रेघांचा अर्थ त्या शिंप्यालाच कळतो. ही सॉफ्टवेअर तशीच काम करतात. मूळ फाइलला हात न लावता कुठं क्रॉप, किती उजेड, कोणता चेहरा कोणाचा, हे बाजूला लिहून ठेवतात. दुकान बदललं की कापड आपल्याबरोबर येतं, रेघा पुसल्या जातात.

पिकासात या रेघा कुठं असतात ते सांगतो, कारण घराघरांतले फोटो अजून त्यातच आहेत. प्रत्येक फोल्डरमध्ये एक लपलेली फाइल असते, तिचं नाव टिंब, पिकासा, टिंब, आय-एन-आय. विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’खाली ‘हिडन आयटम्स’वर खूण केली की ती दिसते. नोटपॅडमध्ये उघडली तर चौकोनी कंसात फोटोचं नाव, त्याखाली ‘स्टार बरोबर येस’, त्याखाली फिल्टर आणि क्रॉपचे आकडे. लोक काय करतात, फोल्डर उघडतात, दिसणारे फोटो निवडतात आणि पेन ड्राइव्हवर टाकतात. लपलेली फाइल मागं राहते आणि नव्या जागी सगळे फोटो पुन्हा कच्चे दिसतात. फोल्डर नेहमी अख्खा उचला.

दुसरी लपलेली गोष्ट म्हणजे ‘पिकासा ओरिजिनल्स’ नावाचा फोल्डर. पिकासात ‘सेव्ह’ दाबलं की सुधारलेला फोटो मूळ नावानं बसतो आणि मूळ फोटो या फोल्डरमध्ये जातो. डिस्कवर जागा करायची म्हणून तो कुणी उडवला, तर मूळ गेलं. म्हणून निघताना ‘सेव्ह’पेक्षा ‘एक्स्पोर्ट’ बरं. त्यात आकारासाठी ‘यूज ओरिजिनल साइझ’ निवडलंय ना, ते डोळ्यांनी बघा. तिथं आधीपासून लहान आकार निवडलेला राहिला तर हजार फोटो बारीक होऊन बाहेर पडतात, आणि पडद्यावर ते छान दिसत असल्यानं कळतही नाही. कळतं ते प्रिंट काढताना.

कॅप्शन आणि टॅग जेपेग फाइलच्या आतच लिहिलेले असतात, त्यांची काळजी नको. चांदण्या आणि अल्बम मात्र बाहेर असतात. त्यावर सोपी युक्ती आहे. ‘स्टार्ड फोटोज’ उघडा, कंट्रोल-ए करून सगळे निवडा, कंट्रोल-टी दाबून त्यांना एक टॅग द्या. तेच प्रत्येक अल्बमसाठी करा, अल्बमचं नाव हाच टॅग. टॅग रोमन अक्षरांत लिहिलेला बरा, कारण जुनी सॉफ्टवेअर देवनागरीची कधीकधी प्रश्नचिन्हं करतात.

चेहऱ्यांचं काम थोडं किचकट. पिकासा ३.९ मध्ये ‘टूल्स’, त्यात ‘एक्स्परिमेंटल’, त्यात ‘राइट फेसेस टू एक्सएमपी’ असा पर्याय आहे. तो चालवला की नावं आणि चेहऱ्यांभोवतीच्या चौकटी फोटोच्या आत जातात आणि डिजिकॅमसारखं मोफत सॉफ्टवेअर त्या वाचतं. ज्यांच्याकडे पिकासा उरलेलंच नाही, फक्त आय-एन-आय फाइल आहेत, त्यांना चौकटीच्या जागी सोळा अक्षरी सांकेतिक आकडा दिसेल. त्यात चार-चार अक्षरांचे चार गट असतात : डावी, वरची, उजवी आणि खालची कड. सुरुवातीचं शून्य मात्र पिकासा लिहीत नाही. त्यामुळे आकडा पंधरा अक्षरांचा दिसला तर सुरुवातीला शून्य जोडायचं. ते न जोडता हे आकडे वाचणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, चालवला तर आजीचं नाव पंख्यावर लागतं.

लाइटरूमचं वेगळं. तिथं रेघा कॅटलॉग नावाच्या एकाच मोठ्या फाइलमध्ये असतात. सगळे फोटो निवडून कंट्रोल-एस दाबलं की प्रत्येक रॉ फाइलशेजारी एक छोटी एक्सएमपी फाइल तयार होते. तिच्यात चांदण्या, रंग, कीवर्ड आणि सुधारणांचे आकडे येतात. लाइटरूम ६ मध्ये फ्लॅग, म्हणजे निवडीचे झेंडे, येत नाहीत, कलेक्शन, म्हणजे फोटोंचे गट, येत नाहीत, व्हर्च्युअल कॉपी, म्हणजे एकाच फोटोच्या फक्त कॅटलॉगमध्ये असलेल्या प्रती, येत नाहीत. लग्नाच्या तीन हजार फोटोंतून निवडलेले चारशे फ्लॅगनंच निवडलेले असतात आणि नेमकं तेच हरवतं. म्हणून आधी फ्लॅगवाले फिल्टर करून त्यांना एखादा रंग द्या, कलेक्शनला कीवर्ड द्या आणि व्हर्च्युअल कॉपी एक्स्पोर्ट करून टाका.

डार्कटेबल हे लाइटरूमसारखं मोफत सॉफ्टवेअर या एक्सएमपी वाचतं, पण फोटो पहिल्यांदा आत घेतानाच. क्रॉप, एक्स्पोजर, टोन कर्व्ह अशा काही सुधारणा येतात, सगळ्या येत नाहीत. आणि आकडा तोच असला तरी रंग तोच दिसेल असं नाही. रॉमधून रंग काढायची पद्धत प्रत्येकाची निराळी असते. जुना फोटो हुबेहूब जुळवत बसण्यात अर्थ नाही. गिऱ्हाइकानं मागितला तर नव्यानं करा.

लाइटरूम ६ सोडायचीच नसेल आणि फक्त कॅमेरा नवा असेल, तर अडोबचा मोफत डीएनजी कन्व्हर्टर वापरा, तो रॉ फाइल अडोबच्या डीएनजी प्रकारात बदलून देतो. त्यात कम्पॅटिबिलिटी, म्हणजे फाइल कोणत्या आवृत्तीपासून उघडावी ते, जुनी निवडा, नाहीतर बाहेर पडलेली डीएनजी फाइलही लाइटरूमला उघडता येणार नाही.

अॅपर्चरवाल्यांना सुधारणा लाइटरूममध्ये नेताच येत नाहीत. जुन्या मॅकवर मूळ फाइल आणि सुधारणा लागलेले पक्के फोटो असे दोन वेगळे एक्स्पोर्ट करायचे. अॅपर्चर उघडत नसेल तर लायब्ररीवर राइट क्लिक करून ‘शो पॅकेज कंटेंट्स’ म्हणा. आत ‘मास्टर्स’ फोल्डरमध्ये वर्ष, महिना, दिवस अशा क्रमानं मूळ फोटो सापडतात. मात्र फोटो लायब्ररीबाहेर ठेवून नुसते जोडलेले असतील, तर तिथं मिळणार नाहीत.

पक्के फोटो कशात काढायचे? २४ मेगापिक्सेलचा एक फोटो १६-बिट टिफ या दर्जा न गमावणाऱ्या प्रकारात, कॉम्प्रेस न करता, सुमारे १४४ एमबी होतो. हजार फोटो म्हणजे १४४ जीबी. सगळ्यांचं टिफ करू नका. निवडक पन्नास-शंभरांचं करा, उरलेल्यांना उत्तम दर्जाचा जेपेग पुरतो.

अल्बम डिझाइन करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. फोटोशॉप सीएस६ मध्ये पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची स्वतःची फाइल, सेव्ह करताना ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ चालू ठेवा, म्हणजे फाइलमध्ये सगळे थर एकत्र केलेलं चित्रही राहतं आणि इतर सॉफ्टवेअरना निदान ते तरी दाखवता येतं. आणि अक्षरांचं बघा. श्रीलिपीसारखा जुना, युनिकोड नसलेला फाँट नव्या संगणकावर नसेल, तर ‘चि. सौ. कां.’च्या जागी रोमन अक्षरं आणि विरामचिन्हांची रांग दिसते, कारण फाइलमध्ये खरोखर तीच लिहिलेली असतात. देवनागरी फक्त फाँटच्या आकारात असते. जुन्या संगणकावर अक्षरांच्या थराची प्रत काढा, एका प्रतीला ‘कन्व्हर्ट टू शेप’ करा, दुसरी लपवून ठेवा आणि तोच मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून शेजारी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा.

हे सगळं आधी वीस फोटोंवर करून बघा आणि निकाल दुसऱ्या संगणकावर उघडा. त्याच संगणकावर सगळं बरोबर दिसतं, कारण जुना कॅटलॉग आणि जुने फाँट तिथंच असतात. मग फोटोंची संख्या आधीची आणि नंतरची जुळवा. आणि जुना संगणक फॉरमॅट करायच्या आधी सीएस६ च्या ‘हेल्प’ मेनूत जाऊन ‘डीअॅक्टिव्हेट’ करा. परवाना दोनच संगणकांवर चालतो, आणि न सोडता पुसलेला संगणक अजून वापरात आहे असंच सर्व्हर धरून चालतो.