चूक कुणाची आणि किती?

डांबरावरच्या या दोन काळ्या रेघा नीट पाहा. सुरुवातीला फिकट, पुढे गडद आणि मग एकदम डावीकडे ओढल्यासारख्या. चाकं जाम होऊन घासली तिथून रेघ सुरू झाली. ती जिथे अचानक वळली, तिथेच बहुधा धडक झाली. वेग दुप्पट असला तर ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर घेते, म्हणून रेघेच्या लांबीवरून वेगाचा अंदाज बांधता येतो. पण चार दिवसांच्या रहदारीत रेघा पुसट होतात, काचा झाडल्या जातात आणि उरतं ते फक्त ‘तू ठोकलंस, मी नाही’.

तेवढ्यावर नुकसानभरपाईचा दावा उभा राहत नाही. समोरच्याने घ्यायला हवी होती ती काळजी घेतली नाही आणि त्यामुळेच ही इजा झाली, हे दोन्ही दाखवावं लागतं.

आणि जखमीचंही चुकलं असेल तर?

1809 सालचा इंग्लंडमधला खटला आहे. एकाने घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यात वासा आडवा टाकला होता. तिन्हीसांजेला भरधाव आलेला घोडेस्वार त्यावर आदळून पडला. वासा शंभर यार्डांवरून दिसला असता, असं साक्षीत आलं. भरपाई मिळाली शून्य, आणि वासा टाकणारा मोकळा सुटला. हा न्याय मला अजूनही टोचतो. थोडं चुकलं म्हणून सगळंच गेलं! तिथे दोषाच्या प्रमाणात भरपाई वाटून देणारा कायदा यायला 1945 उजाडलं.

1975 मध्ये तिथल्याच न्यायालयापुढे सीटबेल्ट न लावलेला चालक आला. धडकेत त्याचा काडीचा दोष नव्हता. न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांनी प्रश्नच बदलला: अपघात कशाने झाला ते नको, इजा कशाने झाली ते पाहा. बेल्टने इजा पूर्ण टळली असती, तर भरपाईत 25 टक्के कपात. बरीच कमी झाली असती, तर 15 टक्के. टळलीच नसती, तर काहीच नाही. त्याचं मोडलेलं बोट बेल्ट असतानाही मोडलंच असतं, म्हणून ते कपातीतून वगळलं.

म्हणून डॉक्टरांच्या पहिल्या तपासणीच्या कागदावर कुठलं हाड कशावर आपटून मोडलं, ते लिहून घ्या. छातीवर बेल्टचा तिरका वळ उठला असेल, तर त्याचा फोटो काढा. थोड्याच दिवसांत तो मावळतो.