चंदेरा कुठवर पोहोचला?

[दृश्य: सपाट तळाची बोट, पुढच्या दांड्यांवरून पाण्यात लोंबणाऱ्या तारा]

चंदेरा या परक्या माशाच्या शोधात निघालेल्या बोटीवर जनरेटर सुरू होतो. तारांतून पाण्यात वीज उतरते, आणि गुंगी आलेले मासे एका कुशीवर तरंगत वर येतात. लांब दांड्याच्या जाळीने ते पटापट उचलायचे, टाकीत टाकायचे. जात ओळखायची, लांबी-वजन लिहायचं. शुद्धीवर आलेला मासा पुन्हा पाण्यात.

हा शिकागोचा सॅनिटरी अँड शिप कॅनॉल, १९०० साली सुरू झालेला. शहर प्यायला पाणी घ्यायचं मिशिगन सरोवरातून, आणि सांडपाणीही जायचं तिथेच. म्हणून ४५ किलोमीटरचा कालवा खोदून सरोवराला मिळणारी शिकागो नदीच उलटी वाहवली. घाण मिसिसिपीच्या खोऱ्याकडे निघाली. सरोवराचं आणि मिसिसिपीचं, अशी दोन खोरी जोडली गेली, पण त्याची फिकीर कुणाला? त्या पाण्यातून मासा जिवंत पार होणं मुश्कील होतं. घाणच राखणीला बसली होती म्हणा ना!

१९७२च्या स्वच्छ पाणी कायद्यानंतर शुद्धीकरण सुधारलं. ऑक्सिजन वाढला, अमोनिया घटला. त्या दशकात इथल्या जलमार्गांत माशांच्या जेमतेम दहा जाती सापडत. आता सत्तरच्या वर. आणि गंमत म्हणजे, वर्षभरात वाहणारं ७० टक्क्यांहून अधिक पाणी आजही प्रक्रिया केलेलं सांडपाणीच आहे.

मात्र वाट मोकळी झाली ती नको असलेल्यांनाही. इलिनॉय नदीतून वर सरकले बिगहेड आणि सिल्व्हर कार्प. सिल्व्हर कार्प म्हणजे आपल्याकडचा चंदेरा. कटला-रोहूबरोबर तळ्यात सोडतात, तोच. आपल्याकडे चार पैसे देणारा हा मासा तिथे पाण्यातलं प्लवंग, म्हणजे तरंगणारे सूक्ष्म जीव, गाळून खातो आणि स्थानिक पिल्लांच्या तोंडचा घास पळवतो.

[दृश्य: रोमिओव्हिल, काठावरचे इशारा फलक]

इथे २००२पासून पाण्यात विजेचा अडथळा आहे. तरी २००९मध्ये नोत्र दाम विद्यापीठाच्या संशोधकांना अडथळ्यापलीकडच्या पाण्यात या माशांचा डीएनए सापडला. त्याच डिसेंबरात देखभालीसाठी अडथळा बंद ठेवावा लागला, तेव्हा मासे वर सरकू नयेत म्हणून खालच्या अंगाला रोटेनोन हे विष सोडलं. मेलेल्या माशांच्या ढिगात बिगहेड निघाला एकच. मग पाणी खोटं बोललं? तसंही नाही. डीएनए पक्ष्याच्या विष्ठेतून येऊ शकतो, बोटीला चिकटूनही. पण जून २०१०मध्ये अडथळ्याच्या वर, कॅल्युमेट तलावात, अख्खा जिवंत बिगहेड जाळ्यात आला. तेव्हापासून मासे पकडणारं जाळं आणि डीएनएसाठी पाण्याचा नमुना घेणारी बाटली, दोन्हींना पर्याय नाही.

[दृश्य: पाण्यात बुडवलेलं मापक, शेजारी नोंदवही]

नोंदवहीत माशाइतकंच महत्त्व पाण्याच्या वाहकतेला, म्हणजे वीज वाहून नेण्याच्या क्षमतेला. हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ वाहून येतं आणि वाहकता चढते. मासे गुंगवायला वीज किती सोडायची, ते या आकड्यावर ठरतं. शिवाय मासा जितका आखूड, तितका त्याला अडथळ्याचा धक्का कमी. म्हणून हातभर लांबीच्या माशापेक्षा बोटीवरच्या मंडळींची नजर जास्त असते ती बोटभर पिल्लांवर.