देवीशिवाय लग्न लागत नाही

वारली पेंटिंग आपण सगळ्यांनीच पाहिलंय, कुर्तीवर, कपावर, स्टेशनच्या भिंतीवर. पण डहाणूच्या आत, गंजाडच्या बाजूला ज्या घरी लग्न असतं ना, तिथे हीच पांढरी रेघ पूर्ण वेगळी वाटते. कुडाची भिंत सारवून त्यावर गेरू दिलेला असतो, सवाशिणी बसतात, हातात बांबूची काडी, वाटीत तांदळाच्या पिठाचं पाणी, आणि चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी देवचित्र, लिहायला घेतात. हो, लिहायला. चित्र काढणं म्हणत नाहीत इथे.

चौकाच्या मधोमध पालघट, म्हणजे सुफलतेची देवी, शेजारच्या छोट्या चौकात घोड्यावरचा पाच डोक्यांचा देव पंचशिऱ्या, भोवती झाडं, सूर्य, चंद्र, फणी, शिडी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणत असते. चौक नाही तर लग्न नाही, इतकं सरळ. त्यामुळे याला नुसतं डेकोरेशन म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण त्या बायकांसाठी देवी त्या भिंतीवर येऊन बसलेली असते.

आता वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे. लहानपणी आई गेली आणि या पोराचं बोलणंच बंद झालं, कितीतरी वर्षं, मग जे सांगायचं ते मातीत बोटाने काढून दाखवायचा. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन पाड्यांवर आले आणि बायकांच्या या कामात एक पुरुष रमलेला दिसला, तोही लग्न असो नसो रोज काढणारा. भिंतीवर देवी असायची, यांच्या कागदावर मासे धरायचं जाळं आलं, मुंग्या आल्या, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फिरणारा नाच आला. 2011 ला पद्मश्री, 2018 ला ते गेले.

देवी सोडून दिली म्हणून हे जमलं, असं मला नाही वाटत. जाळ्याची एकेक गाठ ते ज्या मायेने काढायचे ते बघा, भक्ती तीच आहे, फक्त आता त्यात त्यांचं स्वतःचं गप्प बालपण पण आहे.

पण एक सांगायचंच आहे. जिव्यांचं नाव आपल्याला माहीत झालं, चांगलंच झालं, पण ज्यांच्या हातून ही रेघ आली त्या सवाशिणींपैकी एकीचं तरी नाव आपल्याला सांगता येतं का? त्यांनी कुठे सहीच केली नाही. लग्न झालं, पावसाळा आला, भिंत परत सारवली, चौक गेला. पुढच्या लग्नात आत्या काठ धरते, शेजारी बसलेली पोर टिंबं द्यायला लागते, आणि धवलेरी पहिली ओळ उचलते.